समेट कोणाचा आणि कशावर?

(घुग्घुस येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परमेश्वराने येशू ख्रिस्ताच्या द्वारे सर्व राष्ट्रांशी समेट केला आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. या श्रद्धेचा अर्थ काय, आपल्या देशात ती कितपत आचरणात आली आणि तिच्याशी आपला संबंध काय, हे तीन प्रश्न मी आपणांपुढे मांडणार आहे. घुग्घुससारख्या गावी हा विचार अप्रस्तुत नाही. कोळशाच्या खाणींनी आणि सिमेंटच्या कारखान्याने येथे अनेक प्रांतांतील माणसे आणली. या खाणपट्ट्यात तेलुगू बोलणारी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचे पूर्वज आपल्या पूर्वजांप्रमाणेच गावकुसाबाहेर राहिले. ज्याच्याबरोबर आपण पाळीवर जातो, त्याची श्रद्धा जाणून न घेता त्याच्याविषयी मत बनविणे आपणांस शोभणार नाही.

मी पेशाने वकील आहे. तडजोड हा आमच्या रोजच्या व्यवहारातील शब्द. दोन पक्षकारांत वाद असतो. ते आपसात मिटवितात, तडजोडीची पुरसिस लिहून तीवर सह्या करतात आणि न्यायालय त्याप्रमाणे हुकूमनामा करते. एकाची सही दुसऱ्याने परस्पर ठोकून चालत नाही. ज्याचे देणे असते त्यानेच बहुधा पुढे यावयाचे असते. मराठी बायबलातही 'समेट' हाच शब्द आहे. परंतु तेथे क्रम उलटा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की, अपराध मनुष्याचा होता, तरी समेटासाठी परमेश्वर स्वतः पुढे आला, त्याने अपराध मोजले नाहीत आणि हा निरोप सर्वांस पोचविण्याचे काम आपल्या अनुयायांवर सोपविले. ज्याच्यावर अन्याय झाला तोच पहिला हात पुढे करतो, हे या शिकवणीचे मर्म होय.

आता 'सर्व राष्ट्रे' म्हणजे कोण? यहुदी लोक इतर सर्वांस परके मानीत. जेरुसलेमच्या मंदिरात दगडी कठडा होता. परक्याने तो ओलांडल्यास त्यास मरण येईल, अशी ताकीद त्यावर कोरलेली होती. तो कोरीव दगड 1871 साली सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दरवाजाशी 1930 साली जे सत्याग्रही उभे राहिले, त्यांच्या वारसांस अशा कठड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, ख्रिस्ताने ही मधली भिंत पाडली.

भिंत पडली हे बोलणे सोपे आहे. ती खरोखर पडली की नाही, हे पंक्तीत कळते. अंत्युखिया नगरात पेत्र हा थोर प्रेषित परक्यांबरोबर एका पंक्तीस जेवत असे. जेरुसलेमहून काही कर्मठ मंडळी येताच तो त्या पंक्तीतून दूर झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्यास जाब विचारला. ही हकीकत पौलानेच गलतीकरांस लिहिली आहे. पेत्राची श्रद्धा बदलली नव्हती. त्याने फक्त ताट बाजूला नेले होते. पौलाच्या मते तेवढ्यानेही समेट मोडत होता. ख्रिस्ती धर्माने स्वतःला लावलेली ही कसोटी आहे आणि तीच आपण लावून पाहू.

आपल्या महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगर येथे काम सुरू केले. तेथे जे ख्रिस्ती झाले त्यांत महार व मांग बहुसंख्य होते. त्याच समाजात कवी नारायण वामन टिळक हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ 1895 साली बाप्तिस्मा घेऊन आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काही काळाने पतीकडे परत येऊन संसार मांडला, परंतु आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. पुढे विचारान्ती त्यांनी जातिभेद टाकून दिला, आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. त्या घरात भिंत खरोखर पडली आणि ती चुलीपाशी पडली, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सर्वत्र असे घडले नाही. गोव्यात चर्चमधील बंधुमंडळे जातवार राहिली. तामिळनाडूत अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी दफनभूमी ठेवण्यात आली. म्हणजे मेल्यावरही समेट नाही! बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना, चर्चने जातीशी झुंज दिली नाही, असा स्पष्ट आक्षेप घेतला. हा आक्षेप परक्याचा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण 2016 साली कॅथॉलिक बिशपांच्या भारतीय परिषदेने आपल्या धोरणपत्रात, चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे स्वतःच कबूल केले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1950 सालच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यास अनुसूचित जातीचा मानू नये असे ठरविले. 1956 साली त्यात शीख आले. आपण बाहेरच होतो. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली, बौद्ध झालेला मनुष्य राखीव जागेवरून निवडून येऊ शकत नाही, असा निर्णय दिला. बौद्धांस तो हक्क मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. ख्रिस्ती बंधू आजही बाहेर आहेत. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्या सूसाई नामक ख्रिस्ती चर्मकाराचा अर्ज 1985 साली फेटाळला गेला. ख्रिस्ती समाजात तीच अवहेलना तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. 2022 साली या प्रश्नासाठी पुन्हा नवा आयोग नेमला गेला.

याचा परिणाम काय होतो? चर्च म्हणते, तू सर्वांशी एक झालास. पण पुष्कळ ठिकाणी पंक्तीत जागा देत नाही. सरकार म्हणते, तुझ्या धर्मात जात नाही, म्हणून तुला संरक्षण नाही. त्याच्या वतीने दोघांनी परस्पर सही केली आहे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यास कोणी विचारलेच नाही. अशी पुरसिस कोणत्याही न्यायालयात टिकू नये.

आपल्यातील काही म्हणतात, त्यांना सवलती दिल्या तर आपला वाटा घटेल. ही शंका खोटी नाही. जागांचे प्रमाण संख्येनुसार ठरवून तिचे निरसन करावे लागेल. पण 1989 सालच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण दिल्याने कोणाच्या ताटातला घास कमी होणार? ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास जातीवरून मारहाण झाली, तर मारणारा त्याचा धर्म विचारीत नाही. मग कायद्याने तरी तो का विचारावा? 1990 पर्यंत आपण ज्या दाराबाहेर उभे होतो, त्या दारातून आत आल्यावर ते दुसऱ्यावर लोटून घेणे आपणांस शोभत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ख्रिस्ती शेजाऱ्याशी त्याच्या देवाविषयी वाद घालीत बसू नका. त्यास घरी जेवावयास बोलवा आणि त्याच्या घरी जेवा. त्याच्या दफनविधीस जा. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध त्याने अर्ज लिहिला, तर तो नीट वाचा आणि पटल्यास खाली आपली सही करा.

जय भीम.