पहिल्या दिवशीची लस



बाळाला क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचून झाली की सिस्टर आईला सांगतात, "दोन-तीन आठवड्यांनी इथे फोड येईल, पिकेल, फुटेल. घाबरायचं नाही आणि त्यावर काही लावायचं नाही." सोबत आलेल्या आजीला हे पटत नाही. पिकलेल्या जागी हळद नाही, तेल नाही, मलम नाही, असं कसं? पण सिस्टरचं बरोबर असतं. ही लस जिवंत जंतूंची आहे. रोग करण्याची ताकद गमावलेले ते जंतू कातडीत हळूहळू वाढतात, शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि त्या झटापटीतून तो फोड येतो. सहा ते बारा आठवड्यांत तो आपोआप सुकतो आणि डाव्या दंडावर बारीक व्रण उरतो.

हे दुबळे जंतू आले कुठून? फ्रान्सच्या उत्तरेला लील नावाचं शहर आहे. तिथल्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामीय गेरँ हे जनावरांचे डॉक्टर एकत्र काम करत होते. गाईंना होणाऱ्या क्षयाचे जंतू वाढवताना त्यांचे गोळे होत, म्हणून त्यांनी बैलाचं पित्त वापरून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की पित्तावर वाढलेले जंतू हळूहळू सौम्य होताहेत. मग १९०८ पासून त्यांनी एकच काम धरलं. पित्त आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर जंतू वाढवायचे आणि दर तीन आठवड्यांनी ते नव्या फोडीवर न्यायचे. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, लील जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं, बटाटे आणि पित्त मिळवणंही कठीण झालं. तरी त्यांनी खंड पडू दिला नाही. तेरा वर्षांत २३० वेळा जंतू नव्या फोडीवर गेले. अखेर प्राण्यांना टोचूनही त्यांच्यामुळे क्षय होईना. त्या दोघांच्या नावांवरूनच लसीला बीसीजी म्हणतात. विज्ञानातल्या इतक्या चिवट कामाची उदाहरणं मला फार माहीत नाहीत.

माणसाला ही लस पहिल्यांदा दिली गेली १९२१ मध्ये, पॅरिसला. बाळाची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयाने गेली होती, आणि बाळाला सांभाळणार होती ती आजीही क्षयाची रोगी होती. त्या काळी अशा घरातलं तान्हं मूल जगेल याचा भरवसा कुणी देत नसे. लस तोंडावाटे पाजली गेली आणि त्या बाळाला क्षय झाला नाही.

नऊ वर्षांनी जर्मनीतल्या ल्युबेक गावात घात झाला. तिथल्या प्रयोगशाळेत लसीत क्षयाचे खरे, जहाल जंतू मिसळले गेले. अडीचशेच्या आसपास बाळांना ती लस पाजली होती. त्यातली ७२ दगावली. मूळ लसीचा दोष नव्हता हे चौकशीत सिद्ध झालं, पण लोकांचा विश्वास उडाला आणि तो परत मिळवायला पुष्कळ काळ लागला.

आपल्याकडे १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला बीसीजी तयार करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. पथकं गावोगाव, शाळाशाळांतून जात. आधी हातावर एक चाचणी टोचायची, तीन दिवसांनी येऊन ती वाचायची आणि ज्यांच्या शरीराला क्षयाचा जंतू अजून भेटलेला नाही अशांनाच लस द्यायची. ज्येष्ठ नेते राजाजींनी या मोहिमेला जाहीर विरोध केला, पुस्तिकाही लिहिली. विरोध मोडून काढण्यापेक्षा लसीचा गुण आपल्याच मातीत तपासणं हे खरं उत्तर होतं, असं मला वाटतं.

तशी तपासणी झालीही. १९६८ मध्ये मद्रासशेजारच्या चिंगलपेट भागात मोठी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून जास्त लोकांपैकी काहींना लस, काहींना नुसतं निरुपद्रवी द्रावण टोचलं आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत याच लसीने ७५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं होतं. चिंगलपेटला मात्र मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळजवळ मिळालंच नाही. मातीपाण्यातल्या क्षयाच्या चुलत भावंडांशी, म्हणजे इतर निरुपद्रवी जंतूंशी, आपल्या शरीराची गाठ आधीच पडलेली असते, हे त्याचं एक कारण सांगतात. आपल्या शास्त्रज्ञांनी हा न आवडणारा निकाल जगापुढे मांडला, याचा मला अभिमान वाटतो.

मग लस का चालू ठेवली? कारण लहान मुलांच्या बाबतीत तिचा गुण ठिकठिकाणी दिसला आहे. तान्ह्या मुलांत क्षय फुप्फुसापुरता थांबत नाही. तो मेंदूच्या आवरणात शिरतो किंवा रक्तातून सगळ्या शरीरभर पसरतो. मूल दगावतं, नाहीतर कायमचं अधू होतं. या दोन रूपांपासून बीसीजी चांगलं संरक्षण देते, म्हणून ती जंतूची गाठ पडण्याआधी, शक्यतो जन्मानंतर लगेच द्यायची. राहून गेली तर एक वर्षाच्या आत देता येते. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर, त्यानंतर ०.१. ती कातडीच्या थरातच जायला हवी, म्हणून नेमकी टोचणं हे कसबाचं काम आहे. कुपी उजेडापासून जपावी लागते आणि पातळ केल्यावर लस चार तासांत वापरावी लागते. एका कुपीत बऱ्याच बाळांपुरती लस असते. पुरेशी बाळं नाहीत म्हणून आईला परत पाठवलं जात असेल तर ते मला मान्य नाही. उरलेली लस टाकून द्यावी लागली तरी चालेल, एका बाळासाठीही कुपी फोडावी.

काखेत मोठी गाठ आली किंवा फोड महिनोन्‌महिने चिघळत राहिला, तर मात्र बाळाला डॉक्टरांना दाखवा. आईला क्षय किंवा एचआयव्ही असेल तर तेही टोचण्याआधी सांगा.

२०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत मोठ्या माणसांना पुन्हा बीसीजी देऊन पाहण्याचा अभ्यास सुरू झाला: साठीपुढचे, मधुमेही, वजन फार कमी असलेले, आधी क्षय होऊन गेलेले. त्याचा उपयोग किती, हे अनेक वर्षांच्या नोंदींतूनच कळेल. तोवर दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर लहानपणी बीसीजी घेतलेली असली तरीही थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि क्षय निघालाच तर औषधंही तिथेच मोफत मिळतात.