नवरीने अत्तर का लावले नाही?



तिन्हीसांजेला आपण देवापुढे धूप घालतो. आज अशा एका धुपाची गोष्ट ऐकू या, जो स्वतःसाठी करायलाच बंदी होती.

ही गोष्ट जेरुसलेमची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे ज्यू लोकांचे मोठे मंदिर होते. तिथे सकाळ-संध्याकाळ धूप जळे. त्यांच्या धर्मग्रंथात त्याचे चार सुगंधी जिन्नस समभाग सांगितलेत, वर मीठ. एक जिन्नस म्हणजे ऊद, आपल्या सालईच्या नात्यातल्या झाडाचा डिंक. दुसरा हिंगाच्या कुळातला, उग्र वासाचा. अभिषेकाचे तेलही असेच ठरलेले: जैतुनाच्या तेलात बोळ, दालचिनी, तज आणि सुगंधी बोरू. दोन्हींना नियम एकच. स्वतःसाठी बनवील तो समाजाबाहेर.

हा धूप करण्याचे काम अवतिनास नावाच्या घराण्याकडे होते. त्यांच्या धुपाचा धूर काठीसारखा सरळ वर जाई. पण ती विद्या ते कुणाला शिकवत नसत. म्हणून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले. त्यांचा धूर इकडेतिकडे पसरे. शेवटी दुप्पट मोबदला देऊन अवतिनासांनाच परत बोलवावे लागले. विद्या दडवली म्हणून लोकांनी त्यांना नावेही ठेवली.

पण तालमूद या ग्रंथात त्याच घराचे एक कौतुकही आहे. त्या घरच्या बायका कधी अत्तर लावत नसत. लेक सासरी निघाली तरी नाही. बाहेरची मुलगी सून करताना तशी अटच घालत. का? तर देवाच्या धुपातले हिने चिमूटभर घेतले, असे कोणी म्हणू नये.

यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. एक म्हणाली, "विद्या पुरुषांची, मोबदला घराण्याचा, आणि हौस मारायची ती नवरीने?" बोलणे खरेच आहे. दुसरी म्हणाली, "पण बचत गटाची पेटी ज्या घरी असते, त्या घरी नवी साडी आली तरी लोक बघतातच ना!" तेही खरे.

आम्हाला वाटते, संशय टाळायला बाईने हौस मारू नये. त्यापेक्षा हिशेब उघडा ठेवावा. वही दर बैठकीत मोठ्याने वाचावी आणि लिहायला दोघी-तिघींना शिकवावे. मग पेटी सांभाळणारीने खुशाल गजरा माळावा, अत्तरही लावावे.

तुमच्या गटात वही कोण वाचते? येत्या बैठकीत जरूर बोला. नमस्कार!