माशाचं नाव, बाईचं नाव
(गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मासे निवडायला, कापायला, विकायला आपण. त्यांना नाव ठेवायला मात्र दुसरंच कुणी. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

१८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचं वर्णन छापलं. बरीच नावं त्याने इथल्याच बोलीतून उचलली : शिंगटी, बोगट, खुद्री. शास्त्रात ती आजही आहेत. तोर खुद्री या महसीरपुढे कंसात 'साइक्स, १८३९' असं लिहितात. ज्यांच्या तोंडून त्याने ती ऐकली, त्यांना कंसातही जागा नाही.

नवी जात ठरते कशी? मासा नवा नसतोच, गावाला तो माहीत असू शकतो. अभ्यासक अंगाच्या कडेच्या रेषेवरचे खवले मोजतात, परांतले काटे मोजतात, मिशा, दात, ठिपके बघतात. जवळच्या जातींच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. हल्ली डीएनएही तपासतात. एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवून वर्णन छापलं, की जात 'झाली'. आंबोलीच्या हिरण्यकेशीतला शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा २०२० साली असाच नोंदला गेला. २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कागदावर नाव येण्याला एवढं वजन असतं.

या नावांचा एक नियम मला फार आवडतो. नावाचे दोन भाग. मासा दुसऱ्या प्रजातीत गेला की पहिला भाग बदलतो. दुसरा, त्याचा स्वतःचा, राहतो. फार तर त्याचा शेवट थोडा बदलतो. आपल्याकडे आडनाव तर जातंच, वर ताटातल्या तांदळात नवं नावही लिहितात. माशाचं बरं आहे!

रोझमेरी लो ही ब्रिटिश अभ्यासक पूर्व आफ्रिकेत तिलापिया माशांवर काम करत होती. १९५३ साली तिने लग्न केलं आणि तिला नोकरी सोडावी लागली, कारण वसाहतींच्या सेवेत विवाहित बाई चालत नसे. १९५५ साली जिपे सरोवर आणि पांगानी नदीतल्या नव्या जातींचं तिचं वर्णन छापून आलं. त्या माशांपुढे आजही 'लो, १९५५' असंच लिहितात. माहेरचं नाव. नोकरी गेली, पण हे कुणाला पुसता आलं नाही.

आता आपल्याकडचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकांच्या नोंदवह्या करायच्या आहेत. अशी एक नोंदवही मी पाहिली. ज्या बाईने पाटीतला एकेक मासा हातात धरून नाव सांगितलं होतं, तिच्या जागी लिहिलं होतं 'स्थानिक ग्रामस्थ'. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "माझं राहू दे बाई, माशाचं तरी बरोबर लिहिलंय का?"

तेही चुकलं होतं.

तेव्हा आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागा. वाचता येत नसेल तिने वाचून दाखवायला सांगा. माहिती देणारीचं नाव, तिला हवं तसं, लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.