पेटीत मावलेले घराणे

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे मँगनीजच्या खाणींचे गाव. भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून निघालेला लोहमार्गाचा फाटा कित्येक दशके येथे येऊन थांबत असे. पुढे वाट नव्हती. अशा गावच्या रसिकाला परदेशातला एखादा गाजलेला चित्रपट पाहावयाचा म्हणजे नागपूर गाठणे आले, आणि तेथे जाऊन पोहोचेपर्यंत तो उतरलेला नसला तर नशीब म्हणावयाचे. पुढे घरबसल्या पाहावयाच्या ध्वनिचित्रफिती आल्या, त्यांच्या मागून तबकड्या आल्या आणि अंतराची ही अडचण पुष्कळशी सरली. ‘द गॉडफादर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन चित्रपटांची पेटी हे या सोयीचे एक ठळक उदाहरण होय. १९७२, १९७४ आणि १९९० अशा तीन साली निघालेले, एकंदर सुमारे नऊ तासांचे हे चित्रपट एका गुन्हेगार घराण्याची कथा सांगतात. आणि आज ते घराणे हातावर मावेल एवढ्या पेटीत बसून कोणाच्याही माजघरात येऊ शकते.

खाणीच्या गावात या कथेचे मर्म फारसे समजावून सांगावे लागू नये. दिवसभर दगडाशी झुंजून घरी परतलेल्या बापाच्या मनात एक इच्छा हमखास असते: आपल्या वाट्याला जे आले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, त्याने शिकावे, खुर्चीवर बसावे, लोकांनी त्याला नमस्कार करावा. मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीवरून फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी चित्रपट रचला, तेव्हा त्यांनी त्याच्या केंद्रस्थानी नेमकी हीच इच्छा ठेवली. थकलेला व्हिटो कॉर्लिओने बागेत बसून धाकट्या मायकेलशी बोलतो. हा धंदा तुझ्यासाठी नव्हता, तू मोठा लोकप्रतिनिधी व्हावास असे मनात होते, पण वेळ पुरला नाही, अशी खंत तो बोलून दाखवितो. हा प्रसंग पटकथेत मुळात नव्हता. रॉबर्ट टाउन यांनी तो ऐन वेळी लिहून दिला, श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही, आणि पटकथेचे ऑस्कर स्वीकारताना कोपोला यांनी त्यांचे ऋण जाहीरपणे मानले. मार्लन ब्रँडो यांचा खालावलेला आवाज ऐकताना प्रेक्षक विसरून जातो की समोर बसलेला हा म्हातारा खून करवीत आला आहे. त्याला दिसतो तो केवळ एक बाप.

येथेच या चित्रपटांचे सामर्थ्य आहे, आणि त्यांचा धोकाही येथेच आहे. पहिल्या चित्रपटात ‘माफिया’ हा शब्द एकदाही येत नाही. इटालियन-अमेरिकन लोकांच्या एका संघटनेने तो गाळण्याचा आग्रह धरला आणि निर्मात्यांनी तो मान्य केला. गंमत अशी की त्या संघटनेचा पुढारी जोसेफ कोलंबो हा स्वतः न्यूयॉर्कमधील एका टोळीचा नायक होता, आणि चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, २८ जून १९७१ रोजी, भरसभेत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शब्द गेला आणि त्याच्या जागी सर्वत्र ‘कुटुंब’ हा एकच शब्द उरला. लग्नाचा मांडव, नातवंडे, स्वयंपाकघरात रटरटणारा रस्सा यांच्या सहवासात हा शब्द इतका गोड वाटतो की कुटुंबाबाहेरच्या माणसांचे काय होते हा प्रश्न मनात उठतच नाही. व्हिटो अफूच्या व्यापाराला नकार देतो हे पाहून अनेकांनी त्याला तत्त्वनिष्ठ ठरविले. वस्तुतः त्याचे कारण व्यवहाराचे आहे: या व्यापारात पडलो तर खिशातले राजकारणी साथ सोडतील. पुढे सर्व टोळ्यांच्या बैठकीत एक नायक सुचवितो की हे विष कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतच विकावे. व्हिटो ते ऐकून घेतो, आणि बैठक सलोख्याने पार पडते. हा प्रसंग क्षणार्धात निसटून जातो. घरच्या पडद्यावर तो मागे घेऊन पुन्हा पाहता येतो, हा या पेटीचा एक मोठाच उपकार म्हणावा लागेल.

चित्रपटाचा शेवट एका दारापाशी होतो. नवऱ्याने मेहुण्याचा जीव घेतला काय, असे मायकेलची बायको के त्याला विचारते. तो नाही म्हणून सांगतो. तिला क्षणभर हायसे वाटते, तोच आतल्या खोलीत माणसे त्याच्या हाताचे चुंबन घेताना दिसतात आणि तिच्या तोंडावर दार लागते. कुटुंबासाठी म्हणून जे चालले आहे, त्यापासून कुटुंबातील बाई बाहेर. हे दार श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९७४ च्या दुसऱ्या चित्रपटात कोपोला यांनी एक धाडसी रचना केली. बाप तरुणपणी कसा वर चढला आणि मुलगा सत्तेच्या शिखरावर कसा एकाकी झाला, या दोन कथा त्यांनी आलटून पालटून विणल्या. बाप गरीब वस्तीत माणसे जोडतो; लगेच मुलगा माणसे तोडताना दिसतो. शेवटी तो सख्ख्या भावाला, फ्रेडोला, तळ्यातल्या नावेत मारवितो आणि घराच्या खिडकीतून ते पाहतो. एक कथा दुसरीला जाब विचारते. बापाच्या कर्तृत्वाची किंमत पुढच्या पिढीने कशी मोजली हे दिसते. परंतु घरच्या पडद्याने या विणीचे काय केले? १९७७ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर हे दोन्ही चित्रपट कालक्रमाने जुळवून चार रात्री दाखविण्यात आले. आधी बापाचे बालपण व तारुण्य, मग लग्नाचा मांडव, मग मुलाचा उदय आणि ऱ्हास. १९८१ साली त्याच क्रमाची एक आवृत्ती ध्वनिचित्रफितींवर आली आणि १९९२ साली तिसरा चित्रपट मागे जोडून १९०१ ते १९८० असा सलग इतिहासच सिद्ध झाला. कथा समजण्यास सोपी झाली, हे खरे. वगळलेले काही प्रसंगही त्यात पाहावयास मिळाले. पण जाब विचारणारा आवाज बंद पडला. सरळ रेषेत मांडलेली ही हकिकत एखाद्या जहागीरदार घराण्याच्या बखरीसारखी वाटते: मूळ पुरुषाने कमावले, वारसाने वाढविले, पुढे दिवस फिरले. बखरीत दिवस आपोआप फिरतात, तसेच येथेही. २००१ साली तबकड्यांची पेटी निघाली तेव्हा चित्रपट पुन्हा मूळ रचनेत दिले गेले आणि वगळलेले प्रसंग वेगळे ठेवले गेले. ज्या घरात ही पेटी जाईल, तेथे ती याच क्रमाने पाहिली जावी, हे बरे. नऊ तास एका बैठकीत पुरे करण्याचा अट्टाहास मात्र कोणी करू नये.

छायाचित्रणाविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. गॉर्डन विलिस यांनी हेतुपुरस्सर अंधार वापरला. उजेड वरून पाडून त्यांनी ब्रँडो यांचे डोळे सावलीत ठेवले, म्हणजे या माणसाच्या मनात काय आहे ते कळू नये. ध्वनिचित्रफितीवर या अंधाराचा चिखल झाला. त्यातच मूळ निगेटिव्हवरून इतक्या प्रती काढल्या गेल्या होत्या की ते झिजून फाटले होते. रॉबर्ट हॅरिस यांनी ते दुरुस्त केले आणि २००८ साली नवी पेटी आली, तेव्हा कोठे घरच्या प्रेक्षकाला तो काळोख जसा होता तसा मिळाला.

तिसरा चित्रपट पहिल्या दोहोंच्या तोलाचा नाही, हे बहुतेकांचे मत योग्यच आहे. तरी त्यात एक गोष्ट चुकविलेली नाही. वयोवृद्ध मायकेल आपला पैसा शुद्ध करून घेऊ पाहतो, आणि त्याच्यावर झाडलेली गोळी पालेर्मोच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर त्याच्या मुलीला लागते. २०२० साली कोपोला यांनी हा चित्रपट पुन्हा बांधला आणि त्याच्या नव्या नावात मायकेलच्या मृत्यूचा उल्लेख केला. पण १९९० च्या आवृत्तीत दिसणारा तो मृत्यू या आवृत्तीतून काढून टाकला. नायक जिवंत राहतो. त्यालाच त्यांनी मरण म्हटले आहे.

हे घराणे हिंदुस्थानात यावयास वेळ लागला नाही. १९७५ साली फिरोज खान यांचा ‘धर्मात्मा’ आला. १९८७ साली मणिरत्नम यांनी ‘नायकन’मध्ये धारावीतील तमिळ नायकाची कथा सांगितली. मराठी घराचा वेश या कथेला चढला तो २००५ साली, राम गोपाल वर्मा यांच्या ‘सरकार’ या हिंदी चित्रपटात. ‘गॉडफादर’चे ऋण त्यांनी आरंभीच मान्य केले आहे. मुलीवर झालेल्या अत्याचाराचे गाऱ्हाणे घेऊन एक बाप सुभाष नागरे यांच्या दारी येतो. कायद्याने न मिळालेला न्याय तेथे मिळतो. थोरला मुलगा विष्णू उलटतो, धाकटा शंकर परदेशातून येऊन बापाची गादी चालवितो आणि भावाला संपवितो. अखेरीस गाऱ्हाणी ऐकण्याच्या जागेवर शंकर बसलेला दिसतो. २००८ आणि २०१७ साली या कथेचे पुढचे भाग निघाले, म्हणजे येथेही त्रयी पुरी झाली. परंतु नागरे यांच्या बायकोला, पुष्पाला, या चित्रपटात सोसण्यापलीकडे फारसे काही करावयास नाही. दार येथेही लागलेलेच आहे.

ते दार मुंबईच्या चाळीत उघडले. तिरोडीची खाण चालू राहिली. गिरणगावचे नशीब निराळे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बापाचा धंदा मुलाने करू नये ही इच्छा तेथे अशा रीतीने पुरी झाली, की करावयास धंदाच उरला नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात अशाच एका कामगाराच्या घरातील मुलगा टोळीत गेलेला आहे. महेश मांजरेकर यांनी त्यावरून २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. तत्पूर्वी, १९९९ साली, त्यांनीच ‘वास्तव’ हा हिंदी चित्रपट काढला होता. त्यातील रघू हा चाळीतला बेकार मुलगा. पावभाजीची गाडी लावतो, भांडणात हातून खून होतो, आणि तेथून तो परतू शकत नाही. संजय दत्त यांनी रघूची, रीमा लागू यांनी आईची आणि शिवाजी साटम यांनी वडिलांची भूमिका केली आहे.

या चित्रपटात गुन्ह्याचा पैसा आतल्या खोलीत दडून राहत नाही. मुलगा पन्नास तोळ्यांची साखळी गळ्यात घालून आईसमोर उभा राहतो आणि ती कौतुकाने दाखवितो. हा पैसा कोठून आला हे तिला कळते, आणि प्रेक्षकालाही तिच्या बाजूनेच ते पाहावे लागते. शेवटी पोलीस मागावर असताना, भीतीने मन ढासळलेला रघू आईपाशीच येतो. आता सोडव, अशी विनवणी करतो. आणि ती त्याला गोळी घालते. कॉर्लिओने घराण्यातील कोणा बाईला असा निर्णय घेण्याची पाळी येत नाही. मराठी चाळीतील ही आई थेट ‘मदर इंडिया’तील राधेच्या वंशातली आहे. १९५७ सालच्या त्या चित्रपटात नर्गिस यांनी पोटच्या बिरजूवर गोळी झाडली, तो बिरजू सुनील दत्त यांनी रंगविला होता; आणि बेचाळीस वर्षांनी पडद्यावरच्या आईकडून मरण मागणारा रघू झाला तो त्या दोघांचाच मुलगा.

‘वास्तव’ची सुरुवात मात्र या गोळीच्या कित्येक वर्षे पुढे, समुद्रकिनाऱ्यावर होते. रघूच्या वर्षश्राद्धासाठी घरची माणसे जमली आहेत. त्याचा लहान मुलगा आजीला आपल्या वडिलांविषयी विचारतो, आणि ती त्याला ती हकिकत सांगावयास बसते.