नोकरीच्या मुलाखतीची तयारी

(ज्युबिलीच्या निमित्तानें भरलेल्या तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या समारंभांत गतकाळाचें स्मरण करावें, पूर्वजांचे उपकार मानावे, हें उचितच आहे. परंतु चालकांनीं आज मला जो विषय दिला आहे तो पुढील काळाचा आहे. आपल्यांतील कित्येक मुलें-मुली या वर्षीं शिक्षण पुरें करून नोकरीच्या शोधास लागतील. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडींत उभ्यानें प्रवास करून तीं एखाद्या कचेरींत, रुग्णालयांत किंवा शाळेंत मुलाखतीस जातील. तेथील पंधरा-वीस मिनिटांवर एका घराचा पुढील कित्येक वर्षांचा चरितार्थ अवलंबून असतो. म्हणून या विषयास कोणीं क्षुल्लक समजूं नये.

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूस बसण्याचा प्रसंग मजवर अनेक वेळां आला आहे. त्या अनुभवावरून सांगतों कीं, मागें पडणाऱ्या उमेदवारांचे ठळक असे दोन वर्ग असतात. पहिला वर्ग कांहींच तयारी न करतां, 'त्या वेळीं जें सुचेल तें बोलूं' अशा भरंवशावर येतो. दुसरा वर्ग सर्व उत्तरें तोंडपाठ करून येतो. पहिल्याची चूक सर्वांना दिसते. दुसऱ्याची दिसत नाहीं, आणि आज तीच अधिक घातक झाली आहे. तयार उत्तरें मोबाईलवर क्षणांत मिळतात, इतकेंच नव्हे तर यंत्र तीं लिहूनही देतें. पण जें तुम्हांला मिळालें तेंच बाहेर बाकावर बसलेल्या इतर नऊ जणांनाही मिळालेलें असतें. 'मी कष्टाळू आहें, मी सर्वांशीं मिळूनमिसळून वागतों' हें वाक्य सकाळपासून नऊ वेळां ऐकलेल्या परीक्षकानें दहाव्या वेळीं टिपून काय घ्यावें? शिवाय पाठ केलेल्या वाक्यांतील एक शब्द विसरला कीं, पुढचें सारें उत्तर अडतें.

माझें सांगणें एवढेंच आहे कीं, वाक्यें पाठ करूं नका. आपण केलेलीं कामें आठवून ठेवा. मुलाखतींतील उत्तर ही एक प्रकारची साक्ष आहे. साक्षीदारास सुंदर शब्द नसले तरी चालतें. घडलेली गोष्ट मात्र त्याला नीट ठाऊक असावी लागते.

हे प्रश्न विचारतात तरी कशासाठीं, हें प्रथम पाहूं. १९२१ सालीं थॉमस एडिसन या प्रसिद्ध संशोधकानें आपल्याकडे येणाऱ्या पदवीधर उमेदवारांसाठीं सुमारें १५० प्रश्नांची यादी केली होती. फ्रान्सच्या सीमेस कोणते देश लागतात, अशा तऱ्हेचे ते प्रश्न होते. त्यांतून पाठांतर कळे. पण माणूस काम कसें करील हें कितपत कळे, याविषयीं त्याच वेळीं वाद झाला. पुढें १९८० च्या सुमारास पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनीं दोन निराळ्या प्रकारचे प्रश्न सुचविले. 'अमुक प्रसंग आला तर तुम्ही काय कराल?' हा एक, आणि 'असा प्रसंग तुमच्यावर आला होता काय? त्या वेळीं तुम्हीं काय केलें?' हा दुसरा. १९९८ सालीं श्मिट आणि हंटर या दोघां विद्वानांनीं ८५ वर्षांतील संशोधनाचा आढावा घेतला. सर्व उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारून ठरलेल्या कसोटीनें गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षां अधिक भरंवशाची ठरते, असें त्यांना आढळलें. २०२२ सालीं झालेल्या नव्या आढाव्यांतही अशी नियमबद्ध मुलाखत निवडीच्या साधनांत अग्रभागीं राहिली. म्हणून पुष्कळ ठिकाणीं आज परीक्षकापुढें गुणांचा तक्ता असतो. त्या तक्त्यांत भरण्यासाठीं त्याला तुमच्याकडून हकीगत हवी असते. विशेषणांचा त्याला उपयोग नसतो.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. प्रत्येक पदास मुलाखत असतेच असें नाहीं. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटांतील व 'ब' गटाच्या अराजपत्रित पदांसाठीं मुलाखत बंद केली. उलट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत एकूण २०२५ गुणांपैकीं २७५ गुण मुलाखतीस आहेत. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, आणि मगच कोणत्या तयारीस किती दिवस द्यावयाचे तें ठरवावें.

आतां तयारीची रीत. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर जाहिरातींत मागितलेले गुण एकाखालीं एक लिहा. उजव्या पानावर प्रत्येक गुणासमोर आपल्या हातून घडलेलें एक काम लिहा. तें लिहितांना चार पायऱ्या ठेवा: प्रसंग काय होता, माझ्यावर कोणती जबाबदारी होती, मीं नेमकें काय केलें, आणि त्याचें फळ काय झालें. अशीं सहा-सात कामें नीट मांडलीं, म्हणजे तीसएक प्रश्नांना पुरतील. एकच हकीगत कधीं जबाबदारीच्या प्रश्नास, तर कधीं अडचणीच्या प्रश्नास उपयोगी पडते.

'पण आम्ही तर अजून कांहींच केलेलें नाहीं' असें पुष्कळ मुलें म्हणतात. हें खरें नव्हे. ज्या मुलानें पहांटे वाडींतील फुलें दादरच्या बाजारीं नेलीं, भाव ठरविला आणि आठवड्याचा हिशेब घरीं दिला, त्याला घासाघीस, वक्तशीरपणा आणि हिशेब हीं तिन्ही ठाऊक आहेत. जिनें फेस्ताच्या वेळीं स्टॉलची वर्गणी जमवून पैन् पैचा ताळा दिला, ती बँकेच्या मुलाखतींत रिकाम्या हातानें जात नाहीं. आईबापांचा शेतीचा किंवा मासेमारीचा धंदा सांगण्यास संकोच करणारी मुलें मीं पाहिलीं आहेत. ज्या घरच्या कामानें तुम्हांला पहांटे उठावयास शिकविलें, तें काम लपविण्यासारखें खास नाहीं.

दुसरी अडचण आपल्या वळणाची आहे. आपल्याकडे 'मी, मी' करणारा माणूस चांगला समजत नाहींत. त्यामुळें आपलीं मुलें 'आम्हीं केलें', 'सर्वांनीं मिळून केलें' असें म्हणतात. हा विनय घरीं शोभतो. पण परीक्षकास त्या 'आम्हीं' मधील तुमचा वाटा दिसत नाहीं. 'कार्यक्रम सर्वांनीं केला; त्यांतील जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि ती मीं अशी केली' असें म्हणण्यांत गर्व नाहीं आणि असत्यही नाहीं.

आतां नेहमींचे प्रश्न घेऊं. 'स्वतःविषयीं सांगा' म्हटलें म्हणजे जन्मगांवापासून वंशावळ सांगूं नये. शिक्षण, केलेलें काम आणि हें पद कां हवें, एवढें दीड-दोन मिनिटांत सांगावें. 'आमच्याच संस्थेंत कां?' या प्रश्नापूर्वीं त्या संस्थेचें काम, शाखा आणि तिचे ग्राहक यांची माहिती काढलेली असावी. 'तुमची उणीव कोणती?' याला 'मी फार काम करतों हीच उणीव' असें उत्तर देऊं नये. त्यानें कोणी फसत नाहीं. खरी परंतु सुधारतां येणारी उणीव सांगावी, आणि तिच्यासाठीं आपण काय करीत आहों तेंही सांगावें. 'पहिली नोकरी कां सोडली?' याला उत्तर देतांना जुन्या मालकाची निंदा करूं नये. उद्यां आपलीही अशीच निंदा होईल, असें ऐकणाऱ्यास वाटतें. मध्यें आजारपणामुळें किंवा घरच्या वृद्धांच्या सेवेसाठीं एखादें वर्ष गेलें असेल, तर तें एका वाक्यांत सरळ सांगावें व पुढें जावें.

इंग्रजीचें भय पुष्कळांना असतें. लहान वाक्यें बोलावीं. प्रश्न कळला नाहीं तर पुन्हां विचारावा. अगदींच अडलें तर 'हें मराठींत सांगितलें तर चालेल काय?' असें विचारण्यास लाजूं नये. ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं त्याला 'मला ठाऊक नाहीं' म्हणावें.

एक उदाहरण घेऊन हें स्पष्ट करतों. समजा, आपली एखादी मुलगी परिचारिकेच्या पदासाठीं गेली आहे. तिला विचारलें, 'रोग्याचा नातेवाईक रागावून अंगावर आला तर?' 'मी शांत राहीन' हें उत्तर अपुरें आहे. तिनें असें सांगावें: 'शिकत असतां रात्रपाळीस एका रोग्याचे चिरंजीव डॉक्टर आले नाहींत म्हणून ओरडूं लागले. मीं त्यांना खाटेपासून बाजूस नेलें, त्यांचें म्हणणें ऐकलें, डॉक्टरांना किती वाजतां निरोप दिला तें सांगितलें, आणि मुख्य सिस्टरना बोलाविलें. दर अर्ध्या तासानें रोग्याची स्थिति मीं त्यांना कळवीत गेलें.' हें अर्थातच जिच्या बाबतींत घडलें असेल तिनेंच सांगावें. पुढें विचारलें, 'तुमच्या हातून औषध चुकीचें दिलें गेलें तर?' येथें परीक्षक ज्ञान आणि प्रामाणिकपणा दोन्ही पाहतो. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पांच गोष्टी ती पडताळतेच. पण तरीही चूक झाली, तर प्रथम रोग्यास पाहीन, तत्काळ डॉक्टरांस व मुख्य सिस्टरना कळवीन, नोंद करीन आणि कांहीं लपविणार नाहीं, असें तिनें म्हणावें. जी चूक लपवील तिच्या हातीं रोगी कोण सोंपवील?

आपल्या मुलींना आणखी एक प्रश्न गांठतो: 'लग्न कधीं करणार? मग नोकरी सोडणार काय?' १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यानें भरतींत स्त्री म्हणून भेद करण्यास मनाई केली, आणि २०१९ च्या वेतनसंहितेंतही ती मनाई आहे. तरी हा प्रश्न येतो. तेव्हां न रागावतां म्हणावें, 'या पदाच्या पाळ्या वाचूनच मी आलें आहें, आणि त्या मी करूं शकतें.' बोलणें पुन्हां कामावर आणणें हाच येथें उपाय.

पगाराचा प्रश्न आला तर गांगरूं नये. तशा पदास सामान्यतः काय मिळतें याची आधीं चौकशी करावी. हल्लीं कंपन्या 'सीटीसी' म्हणून वर्षाचा आंकडा सांगतात. त्यांत भविष्यनिर्वाह निधींतील मालकाचा हिस्साही बहुधा धरलेला असतो, आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के आपलाही हिस्सा कापला जातो. म्हणून महिन्यास हातीं काय येईल, हें नम्रपणें विचारून घ्यावें. शेवटीं 'तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय?' म्हणतील. 'नाहीं' म्हणून उठूं नये. पहिल्या सहा महिन्यांत कोणतें काम शिकावें लागेल, असें विचारावें. काम करण्याची इच्छा त्यांतून दिसते.

आईबापांना एक इशारा देतों. नोकरी लावून देण्यासाठीं जो आगाऊ पैसे मागतो, त्याच्यापासून दूर रहा. परदेशीं माणसें पाठविणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्यानें सरकारी नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी पाहिल्यावांचून पासपोर्ट किंवा पैसा त्याच्या हातीं देऊं नये. वाडी गहाण टाकून घेतलेली नोकरी पुष्कळदां नोकरीच नसते.

वहीं लिहून झाली कीं उत्तरें मोठ्यानें बोलून पहावीं. मनांत जें सोपें वाटतें तें तोंडीं येतांना अडखळतें. घरांतील काका-मावशींनीं प्रश्न विचारावे. याहून बरें म्हणजे, आपल्या पॅरिशच्या सभागृहांत महिन्यांतून एक संध्याकाळ यासाठीं राखून ठेवावी. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेंत आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत, रुग्णालयांत सेवा केलेल्या भगिनी आहेत. त्यांनीं टेबलापलीकडे बसून आपल्याच मुलांची खोटी मुलाखत घ्यावी. यास खर्च लागत नाहीं. दोन तास आणि थोडी आस्था लागते. ज्या मुलाच्या घरांत कोणीं कधीं कचेरी पाहिलेली नाहीं, त्याला ही मदत फार मोठी होईल.

इतकें करूनही एखाद्या वेळीं नकार येईल. जागा एक आणि उमेदवार पन्नास असले, म्हणजे एकोणपन्नास चांगल्या माणसांना नकार मिळणारच. त्या रात्रीं विचारलेले सारे प्रश्न वहींत लिहून ठेवा; पुढच्या खेपेस तीच वही कामास येईल. आईबापांनींही त्या दिवशीं 'काय झालें?' असें दहा वेळां न विचारतां ताटावर बसवावें.

सभागृहांतील ती पहिली संध्याकाळ ज्युबिलीचें हें वर्ष संपण्यापूर्वींच ठरावी, अशी चालकांस विनंती करून आपली रजा घेतों.