ऋषिपंचमीची भाजी, चौथ्या मजल्यावर

(मंडळाच्या आषाढातील सभेत झालेले भाषण)



फलकावर आजचा विषय ‘घरची परसबाग’ असा लिहिला आहे. परस म्हणजे घरामागची जागा. आता इंदूरमध्ये आपल्यापैकी किती जणांच्या घराला मागची बाजू उरली आहे? रामबागेत, नारायण बागेत जुनी घरे उतरली आणि सदनिका उभ्या राहिल्या. मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू, कुंपणावरचा मायाळू, कोपऱ्यातला गवती चहा त्या घरांबरोबर गेला. जागेचा भाव सगळ्यांनी केला, अळकुड्यांची आठवण कोणाला राहिली नाही.

गेली ती फक्त भाजी नाही. इथल्या बाजारात शेपूला सोया म्हणतात, चाकवताला बथुआ, मायाळूला पोई, पडवळाला चिचिंडा. बाजारात बाजाराची भाषा बोलावी, त्यात काही वावगे नाही. पण ही नावे मराठीत कानावर पडण्याची जागा एकच, आपले स्वयंपाकघर. तिथे ती भाजीच आली नाही, तर नातवंडांना नाव शिकवायचे कशावर बोट ठेवून?

म्हणून आम्ही मंडळातल्या काही घरांनी एक साधे काम हाती घेतले: ऋषिपंचमीची भाजी, जमेल तेवढी, आपल्या कुंड्यांतून काढायची. या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने पिकवलेलेच खायचे, असा आपल्याकडचा नेम. चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत बैल येण्याची भीती नाही. नेम आपोआप पाळला जातो!

ऋषिपंचमी भाद्रपद शुद्ध पंचमीला. तिथून मागे मोजत यायचे. पडवळ आणि दोडका यांना दोन महिने द्यावे लागतात, म्हणून त्यांचे बी आषाढ लागताच टोचायचे. भेंडीला दीड महिना पुरतो. लाल माठ आणि तांदुळजा तीन-चार आठवड्यांत तयार होतात, ते श्रावणात पेरायचे. अळकुड्या पावसाच्या सुरुवातीलाच लावाव्यात. अळवाला ओल हवी आणि अर्धी सावली चालते, त्यामुळे पूर्वेची बाल्कनीही पुरते. फळभाज्यांना मात्र सहा तास ऊन पाहिजे. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, तो बाजारातूनच आणावा. हट्ट नको.

माळव्याची काळी माती शेतात सोने, पण नुसती कुंडीत भरली तर पावसात चिखल होते आणि उन्हात दगडासारखी होऊन भेगाळते. एक भाग काळी माती, एक भाग मुरलेले खत, एक भाग नारळाचा भुसा असे मिश्रण आम्ही वापरतो. ते हलके राहते आणि बाल्कनीवरचा भारही कमी होतो. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, हे पावसाळ्यात अधूनमधून पाहावे.

खताच्या बाबतीत तर इंदूरकरांनी कोणाकडे जायलाच नको. सर अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते. काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ते तीनदा उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत त्यांनी बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यावरचे पुस्तक 1931 मध्ये निघाले, तेव्हा हॉवर्ड यांच्या नावाशेजारी सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव छापले गेले.

ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय आपल्याला आहेच. भोके पाडलेल्या झाकणाच्या बादलीत वाळक्या पानांचा थर, त्यावर भाजीची देठे-साले, त्यावर मूठभर जुने खत, असे रचत जावे आणि आठवड्याने हलवावे. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास आला तर वाळकी पाने वाढवावीत.

पडवळाची एक गंमत सांगतो. त्याची पांढरी, झालरीसारखी फुले संध्याकाळी उमलतात आणि परागाचे काम रात्रीचे पतंग करतात. उंच मजल्यावर पतंग आले नाहीत, तर फुले गळतात आणि फळ धरत नाही. अशा वेळी दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवावे. मादी फुलाच्या मागे बारीक पडवळ आधीच दिसते. आमच्याकडे हे काम मुलांकडे आहे. तेवढ्यात त्यांना ‘पडवळ’ हा शब्द पाठ होतो आणि टोकाला दगड का बांधतात हेही कळते.

पाऊस सरला की मेथी, शेपू, चाकवत आणि कोथिंबीर. धणे दोन पाकळ्यांत रगडून पेरावेत आणि उगवायला आठ ते पंधरा दिवस धीर धरावा.

आता एक विनंती. अळकुडी, मायाळूचा छाट, गवती चहाचे ठोंब या गोष्टी दुकानात सहज मिळत नाहीत. त्या एका घरातून दुसऱ्या घरात, हातोहातच जातात. ज्यांची जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांनी घर विकण्याआधी परसात एक फेरी मारावी. गणपतीच्या दहा दिवसांत मंडपात एक टेबल ठेवू. ज्याच्याकडे जे आहे ते कागदात गुंडाळून, वर मराठीत नाव लिहून आणावे. ज्याच्याकडे काही नाही, त्याने रिकामी पिशवी आणावी.

यंदाचे निर्माल्यही दोरे आणि चमकी काढून मंडळातच मुरवू. तीन महिन्यांनी, मार्गशीर्षात, ते खत घराघरांत वाटू. बाप्पाची फुले पुढच्या वर्षी अळवाच्या पानांतून आपल्या ताटात येतील.

गणपती बाप्पा मोरया!