देश पाहावा, तसा जेवावाही

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मराठी माणसाला प्रवासाची हौस मोठी. सुट्टी लागली की घरेच्या घरे केरळला, ओडिशाला, आसामला निघतात. परंतु सहल आयोजकास विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘जेवण आपले मिळेल ना?’ मग आचारी आणि शिधाही सोबत निघतो. १९७० साली एकनाथजी रानडे यांच्या परिश्रमांतून साकारलेले कन्याकुमारीचे विवेकानंद शिला स्मारक पाहून प्रवाशाचे डोळे पाणावतात आणि तासाभरात तो वरण-भाताच्या पंगतीत बसतो. शेजारी केळीच्या पानावर वाढले जाणारे रसम आणि अवियल त्याला अखेरपर्यंत परकेच राहते.

वृद्धांचे पथ्य, मुलांची पोटे, शाकाहाराची काळजी या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु शाकाहारी माणसाचे पान या देशात सहसा रिकामे राहत नाही.

आसामात बोका चाउल नावाचा तांदूळ पिकतो. तो शिजवावा लागत नाही. थंड पाण्यात भिजवला की मऊ होतो. दही-गूळ घालून तो खातात. मोगलांशी झुंजणाऱ्या आहोम सैनिकांची ही शिदोरी होती, असे तेथे सांगतात. १६७१च्या सराईघाटच्या लढाईतील लाचित बडफुकन यांचा पराक्रम मुलांना सांगताना ही वाटीही त्यांच्यापुढे ठेवावी. २०१८ साली या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

पिंडदानासाठी गयेस जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बिहारात संक्रांतीला घरोघरी दही-चूडा खातात आणि जोडीला गयेचा तिळकूट असतो. चूडा म्हणजे पोहेच! महाराष्ट्रात गोकुळाष्टमीच्या काल्यात दही-पोहे असतात आणि संक्रांतीला तिळगूळ असतो. जो ‘आपले’ जेवण मागतो, त्याचे आपलेपण तेथील पानातच वाढलेले असते. तो ते चाखत नाही, इतकेच.

पुरीला जगन्नाथाचा महाप्रसाद लाकडाच्या जाळावर, मातीच्या मडक्यांत शिजतो. आनंदबाजारात तो घेताना शेजारी बसलेल्याची जात विचारण्याची रीत नाही. समरसतेचा हा पाठ व्याख्यानाने मिळणार नाही. तेथे बसून जेवावेच लागते.

ईशान्येतून पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी महिन्याभरात कांदेपोहे आवडीने खाऊ लागतो. त्याच्या घरी सणाला काय रांधतात, हे त्याच्या मराठी मित्राला वर्षानुवर्षे ठाऊक नसते. मग त्या विद्यार्थ्याला हे शहर आपले कसे वाटावे?

यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दिवसातील एक जेवण तेथील स्वयंपाकघरातले घ्यावे, पदार्थाचे नाव वाढणाऱ्याकडूनच विचारून घ्यावे आणि परतल्यावर तो एकदा आपल्या घरी करून पाहावा. त्या दिवशी पंगतीला दूरच्या प्रांतातील एखादा विद्यार्थी असावा.